दर रविवारी नवीन काय सांगू?

प्रश्न: काका, जय ख्रिस्त. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका लहान मंडळीचा पाळक आहे. वय ३२, सेवेला पाच वर्षं झाली. रविवारी सकाळी साडेनऊला उपासना असते, ६०-७० माणसं येतात. बहुतेक बहिणी घरी विड्या वळतात, भाऊ यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. निम्म्या घरांत तेलुगू बोलतात. सुरुवातीला संदेश आपोआप सुचायचे. आता शनिवारी रात्री अकरा वाजले तरी काही हाती लागत नाही. मग मोबाइलवर मोठ्या पाळकांचे हिंदी संदेश ऐकतो, उतरवून घेतो आणि सकाळी तेच सांगतो. लोकांना कळत नाही, पण मला कळतं. मंडळीतले एक वडीलधारे परवा म्हणाले, "पाळकसाहेब, हल्ली तुमचं बोलणं लांबतं, पण आत उतरत नाही." तरुणांना ड्रम हवा आहे, कमिटीला नको आहे. ज्या रविवारी नळाला पाणी येतं त्या रविवारी निम्म्या बायका उपासना अर्धी झाल्यावर येतात. मला राग येतो, आणि त्या रागाची लाजही वाटते. पाळकानं कसं असावं हे शास्त्रात पुष्कळ आहे. पण दर आठवड्याची उपासना चालवायची कशी, दर रविवारी नवीन सांगायचं काय, हे कुठे सांगितलंय?

उत्तर:

प्रिय बंधू, जय ख्रिस्त.

"लोकांना कळत नाही, पण मला कळतं" हे वाक्य वाचून मी तुमचं पत्र खाली ठेवलं. पुढचं थोड्या वेळानं वाचलं. ज्याला ही टोचणी आहे त्याच्या सेवेतला झरा आटलेला नाही, एवढं आधी मनाशी धरा.

मी ३१ वर्षं पाळकपण केलं. त्यातली पहिली तीन-साडेतीन वर्षं उसन्या संदेशांवर काढली. तेव्हा मोबाइल नव्हते, पण उपदेशांची छापील पुस्तकं होती. एका रविवारी मी त्यातला, बर्फात वाट चुकलेल्या मेंढराचा दाखला सांगितला. मे महिना होता, डोक्यावर पत्रा तापलेला, आणि पहिल्या रांगेतल्या एक आजी पदरानं वारा घेत माझ्याकडे बघत होत्या. त्यांना त्यातलं काही लागू पडत नव्हतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. त्याच आठवड्यात वाचताना यिर्मयाच्या २३व्या अध्यायातलं ३०वं वचन समोर आलं. जे संदेष्टे एकमेकांपासून माझी वचनं चोरतात त्यांच्या मी विरुद्ध आहे, असं परमेश्वर तिथे म्हणतो. मी ते पुस्तक कपाटात ठेवलं ते परत संदेशासाठी काढलं नाही. दुसऱ्याचं ऐकून शिकण्यात गैर काही नाही. मीही आजवर ऐकतो. पण दुसऱ्या गावच्या लोकांची भूक ओळखून कुणी वाढलेलं ताट जसंच्या तसं उचलून आपल्या माणसांपुढे ठेवलं, तर ती उपाशी उठतात. तुमचे वडीलधारे तेच सांगत होते.

आता तुमचा मूळ प्रश्न. दर रविवारी नवीन काय सांगू? बंधू, नवीन सांगण्याचं काम तुमच्यावर सोपवलेलंच नाही. प्रेषित पौलानं आपल्या सहकाऱ्याला, तीमथ्याला, पहिल्या पत्राच्या ४थ्या अध्यायात, १३व्या वचनात तीन कामं नेमून दिली: वाचन, बोध आणि शिक्षण. तीमथ्य तेव्हा तुमच्यासारखाच तरुण होता, कारण लगेच आधीच्या वचनात पौल त्याला सांगतो की तुझ्या तारुण्याला कुणी तुच्छ मानू नये. त्या तीन कामांत वाचन पहिलं आहे, आणि ते एकट्यानं खोलीत बसून करायचं वाचन नव्हे, मंडळीपुढे मोठ्यानं करायचं वाचन आहे. आपण मात्र वाचन दोन मिनिटांत उरकतो आणि बोधावर पाऊण तास घालवतो.

आठवड्याची उपासना कशी चालवायची, याचा नमुना मला शास्त्रात जितका स्पष्ट नहेम्याच्या ८व्या अध्यायात दिसतो तितका दुसरीकडे दिसत नाही. तो अध्याय तुम्ही अनेकदा वाचला असेल, पण एकदा सोलापूरकर म्हणून वाचा. लोक कुठे जमले होते? पाणीवेशीसमोरच्या चौकात. आपल्याकडे बाळीवेस आहे, तुळजापूर वेस आहे, विजापूर वेस आहे, आणि पाणीवेसही आहे. हे नाव वाचलं की मला तो चौक जेरुसलेमचा न वाटता आपला वाटतो. मंदिराच्या अंगणात नाही, येण्याजाण्याच्या वाटेवरच्या चौकात लोक जमले. पुरुष होते, बायका होत्या, समजून घेण्याइतकी मोठी झालेली मुलं होती. नियमशास्त्राचा ग्रंथ आणा, असं लोकांनीच एज्रा शास्त्र्याला सांगितलं. लाकडी मंच मुद्दाम त्याच कामासाठी केलेला होता. एज्रानं ग्रंथ उघडला तसे सगळे उभे राहिले, आणि उजाडल्यापासून दुपारपर्यंत वाचन चाललं.

एज्रा त्या मंचावर एकटा नव्हता. त्याच्या उजवीकडे सहा आणि डावीकडे सात माणसं उभी होती, त्यांची नावं लिहून ठेवली आहेत. खाली लोकांमध्ये फिरून अर्थ समजावणारे आणखी १३ जण नावानिशी दिले आहेत, शिवाय लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेला नेमलेल्या वंशातली माणसं. ८व्या वचनात त्या कामाचं वर्णन आहे: त्यांनी ग्रंथातून स्पष्ट वाचलं, अर्थ सांगितला, आणि वाचलेलं लोकांना समजलं. तुमच्या नेमणूकपत्रात एवढंच लिहिलेलं असतं तरी पुरलं असतं. पुढे १२व्या वचनात लोक जेवायला, आनंद करायला जातात, आणि कारण दिलंय की सांगितलेलं त्यांना समजलं होतं. वक्ता किती बोलला, कसा बोलला, त्याच्या अंगावर काटा आला की नाही, यातलं काहीच तिथे नोंदलेलं नाही.

तेलुगू घरांचं उत्तरही इथेच आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांची रोजची बोली बरीचशी अरामी झाली होती आणि नियमशास्त्र इब्रीत, म्हणजे हिब्रूत, होतं. म्हणून पुष्कळ अभ्यासक असं मानतात की ते अर्थ सांगणारे लोकांच्या बोलीतही सांगत असावेत. तुमच्याकडे निम्मी घरं तेलुगू असतील तर रविवारचा उतारा मराठीनंतर तेलुगूतही वाचला गेला पाहिजे. सगळा संदेश दोन भाषांत करू नका, त्यानं सगळेच कंटाळतात. उतारा मात्र दोन्ही भाषांत वाचा. मागच्या रांगेत कुणीतरी मावशी असतील ज्यांचं तेलुगू शास्त्र वापरून वापरून मऊ पडलं असेल. त्यांना पुढे बोलवा. पाच वर्षं त्या मागे बसून आहेत. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात पौल म्हणतो की अनोळखी भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द बोलणं त्याला बरं वाटतं. तो प्रश्न वेगळा होता, तरी मंडळीत समजलं पाहिजे हा आग्रह तोच आहे.

भाषा सोपी करण्याची ही तळमळ आपल्या मातीतही आहे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सुटलं की केडगाव येतं. तिथे पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं पवित्र शास्त्र उतरवलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी त्याच कामाला दिली. गाडीतून ते स्टेशन दिसलं की मला माझ्या संदेशातले जड शब्द आठवायचे.

तेव्हा असं करा. मार्काचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय आहेत. अर्धा-अर्धा अध्याय घेतला तर ३२ रविवार झाले. विषय शोधत बसायचं ओझं त्या दिवशी उतरेल. पुढचा उतारा कुठला हे तुम्हालाही माहीत असेल आणि मंडळीलाही. कठीण वचन आलं तरी टाळता येणार नाही, आवडतं तेवढंच सांगत राहायची सवयही मोडेल. पाळकाला जे सांगावंसं वाटतं आणि मंडळीला जे ऐकण्याची गरज असते, ते पुष्कळदा वेगळं असतं. ओळीनं वाचत गेलं की निवड आपल्या हातात राहत नाही.

पण नुसतं ओळीनं वाचून भागत नाही. सोमवारी तो उतारा पाच वेळा मोठ्यानं वाचा. मंगळवारपासून तोच उतारा घेऊन घरभेटीला निघा. हे मी सांगतोय ते माझ्या सगळ्या सेवेतलं सर्वांत मोलाचं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

एकदा माझा मार्काचा ५वा अध्याय चालला होता. १२ वर्षं रक्तस्रावानं आजारी असलेली बाई गर्दीतून मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते, तो भाग. तीन दिवस वाचून मला काही सुचत नव्हतं. विडी कामगारांच्या वस्तीत एका मावशींकडे गेलो. त्या उंबऱ्याजवळ बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. पान उचलायचं, चिमूट तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. नजर वर न करता हात चालूच. हजारावर मजुरी मिळते, त्यामुळे पाळक आला म्हणून हात थांबत नाहीत, आणि ते थांबावेत अशी अपेक्षा पाळकानंही करू नये. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही काम करा, मी वाचतो." वाचलं. तिनं वैद्यांपायी होतं नव्हतं ते सगळं खर्च केलं आणि गुण तर आलाच नाही, उलट दुखणं वाढलं, हे वचन आलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "हे खरं लिवलंय." मग थोडा वेळ गेला. तीन-चार विड्या झाल्या. मग म्हणाल्या, "तिला पुढनं यायला तोंड नव्हतं, म्हणून मागनं आली. आमी बी तसंच येतो की रविवारी. पाणी भरून, मागल्या दारानं."

बंधू, मी त्या दिवशी घरी परतलो आणि माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. तुम्हाला जो राग येतो तोच मला यायचा. उशिरा येणाऱ्या बायकांकडे मी व्यासपीठावरून बघायचो आणि त्या बघण्यात काय असायचं ते त्यांना कळायचं. त्या गोष्टीत येशू घाईत होता. याईराची मुलगी मरणाला टेकली होती, बाप सोबत चालत होता. तरी तो वाटेत थांबला, मागून आलेलीला शोधलं, आणि तिचं सगळं म्हणणं पूर्ण होईपर्यंत ऐकलं. तो रविवारचा संदेश त्या मावशींनी दिलेला होता. मी फक्त उभा राहून बोललो. त्यांचं नाव घेतलं नाही आणि वस्तीही सांगितली नाही. घरात ऐकलेलं दुःख व्यासपीठावर ओळखू येईल असं कधी सांगू नका, नाहीतर पुढच्या भेटीत दार अर्धंच उघडतं.

पाणी येतं त्या रविवारी उतारा उपासनेच्या सुरुवातीला न ठेवता मध्यावर ठेवा. सुरुवातीला गीतं, प्रार्थना, मुलांचं पाठांतर घ्या. ज्या मागून येतील त्यांच्या वाट्याला वचन तरी पूर्ण येईल. आणि त्या आल्या की हातानं बसायची खूण करा, हसून.

संदेश २०-२५ मिनिटांच्या पुढे नेऊ नका. त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा तरुण झोपेनं तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या २०व्या अध्यायात आहे. पौलाला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. तुम्हाला निघायचं नाही, पुढचा रविवार आहेच. रात्रपाळी करून थेट उपासनेला आलेला यंत्रमागावरचा भाऊ डुलकी घेत असेल तर तो वचनाचा अवमान करत नाही. तो इतका दमूनही आला आहे. पौल खाली उतरून त्या मुलाला कवटाळतो, रागावत नाही. उत्पत्तीच्या ३३व्या अध्यायात याकोब आपल्या भावाला, एसावाला, म्हणतो की मुलं कोवळी आहेत, दूध पाजणारी जनावरं आहेत, एक दिवस जरी जास्त दामटलं तरी सगळा कळप मरेल, तेव्हा तू पुढे हो, मी यांच्या चालीनं हळूहळू येतो. सांगोला-मंगळवेढ्याकडचे मेंढपाळ कधी रस्त्यानं जाताना दिसले तर पाहा. नुकतं जन्मलेलं कोकरू कुणाच्या तरी खांद्यावर नाहीतर घोड्यावरच्या बोचक्यात असतं. येशूनं पेत्राला तीनदा जे सांगितलं त्यात पहिलं "माझी कोकरे चार" असंच आहे.

ड्रमचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात वाटतं तेवढं काही नाही. कलस्सैकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायात, १६व्या वचनात स्तोत्रं, गीतं आणि आध्यात्मिक प्रबंध अशी तिन्ही नावं एका दमात येतात, आणि त्यांच्या आधी अट आहे: ख्रिस्ताचं वचन तुमच्यात भरपूर राहो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपल्याला अभंगात आणि ओवीत गायला शिकवलं तेव्हा तेही नवंच होतं. मुलांना दोन गीतं द्या, ड्रमसकट. पण शब्द ऐकू आले पाहिजेत आणि म्हातारी माणसं सोबत गाऊ शकली पाहिजेत, एवढं ठरवून घ्या. कमिटीला हे उपासनेत ऐकवू नका, चहाला बसून सांगा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगतो. निवडणूक जवळ आली की पाहुणे येतात, पुढच्या खुर्च्या लागतात, शाल-श्रीफळ होतं, आणि उपासनेतला अर्धा तास जातो. याकोबाच्या पत्राच्या २ऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी, हे चित्र जसंच्या तसं आहे. पाहुण्यांचा मान आशीर्वादानंतर, बाहेर अंगणात करा. एकदा ठामपणे सांगितलं की लोक ऐकतात.

आणि आता तुमच्याविषयी. शनिवारी रात्री एक-दोन वाजेपर्यंत जागून, सकाळी सातला सभागृहाची झाडलोट करून, साडेनऊला उभा राहणारा माणूस रागावणारच. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावरून आला आणि रतामाच्या झुडपाखाली मरण मागू लागला, तेव्हा देवदूतानं त्याला काय दिलं? निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवलं तेव्हाही आधी खायलाच दिलं, कारण पुढची वाट लांब होती. देवाचं बोलणं त्यानंतर झालं. तुम्ही शनिवारी संध्याकाळी कागद मिटवा. जेवढं झालंय तेवढ्यावर जेवा, झोपा. झाडलोट तरुणांकडे द्या. वाचनाला तीन माणसं तयार करा. मोशेला त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं, स्पष्ट सांगितलं होतं की तू एकट्यानं करतोस हे बरं नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील. लोकही थकतील, हे आपण विसरतो. बुधवारी सायंप्रार्थनेनंतर त्या तिघांकडून उतारा मोठ्यानं वाचून घ्या. कुठे थांबायचं, कुठल्या नावावर अडखळायला होतं, ते तेव्हाच निघून जातं.

उसन्या संदेशांचं काय करायचं, हाही प्रश्न तुमच्या मनात असणार. सगळ्या मंडळीपुढे उभं राहून कबुली द्यावी असं मला वाटत नाही. ज्या वडीलधाऱ्यांनी तुम्हाला ते वाक्य ऐकवलं त्यांच्या घरी जा. त्यांना खरं सांगा आणि माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणा. ज्यांना तुमचं बोलणं आत उतरत नाही हे कळलं, ते इतके दिवस लक्ष देऊन ऐकत होते. असा माणूस मंडळीत असणं मोठी देणगी आहे, त्यांना दूर ठेवू नका.

येत्या रविवारचा उतारा मार्क १:१ ते १५ धरा. तेलुगू वाचणाऱ्या मावशींना आजच निरोप पाठवा, त्यांना तयारीला चार दिवस मिळू द्यात. मंगळवारी कुठल्या घरी जाणार ते ठरवा, आणि तिथे गेल्यावर आधी वाचा, मग गप्प बसा.